गच्चीवरून दिसणारे पुणे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ओळखीच्या शहराची छपरे, शिखरे आणि मनोरे टिपताना येणाऱ्या अडचणी कळवा, असे आवाहन आम्ही मागच्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे पुण्याची आहेत, एक मुंबईचे आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात आणखी उंचावर कुठे जाता येईल, ही चौकशी कुठे ना कुठे आहेच. या बाबतीत माझे मत थोडे उलट्या बाजूचे आहे. छपरांसाठी उंची लागते, पण फार उंची नडते. हे मत पहिल्याच उत्तरात सविस्तर मांडले आहे, कारण पुढच्या उत्तरांनाही त्याचाच आधार आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून नारायण पेठेत लहानाची मोठी झाले. गेल्या हिवाळ्यात चार वेळा पर्वतीवर जाऊन जुन्या शहराची छायाचित्रे काढली. डोळ्यांना मंडईचा मनोरा आणि तुळशीबागेतल्या राममंदिराचे शिखर सापडते, पण छायाचित्रात सगळे राखाडी आणि बारीक येते. माझा कॅमेरा लहान सेन्सरचा आहे आणि लेन्स १८ ते ५५ मिलिमीटरची आहे. मोठी लेन्स घ्यावी का?

उत्तर : आधी हिशोब करू, म्हणजे दुकानात जाण्यापूर्वी काय मिळणार आहे ते कळेल. पर्वतीपासून मंडई सरळ रेषेत सुमारे दोन किलोमीटर आहे. तिथे २५ मीटर उंचीची एखादी वास्तू आहे असे धरले, तर आपल्या ५५ मिलिमीटरच्या लेन्सने तिची सेन्सरवरची प्रतिमा जेमतेम पाऊण मिलिमीटर उंच पडते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा तेविसावा भाग. डोळा मात्र ओळखीची वस्तू शोधून काढतो, तिच्यावर खिळतो आणि भोवतालचा पसारा विसरतो, म्हणून आपल्याला ती मोठी वाटते. २०० मिलिमीटरच्या लेन्सने हीच वास्तू चौकटीच्या सहाव्या भागाएवढी आणि ३०० मिलिमीटरने चौथ्या भागाएवढी येईल. तेव्हा लेन्स घेतल्याने बारीकपणाची तक्रार नक्की मिटेल.

राखाडीपणाची तक्रार मात्र लेन्सने मिटणार नाही, उलट वाढेल. दोन किलोमीटर हवेतून पाहताना मधली धूळ, धूर आणि बाष्प यांचा पडदा चित्रावर येतोच, आणि हिवाळ्यातल्या सकाळी थंड हवा खोलगट शहरावर दबून राहिल्यामुळे चुलींचा, शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर छपरांच्या पातळीवरच साचतो. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर तापलेल्या पत्र्यांवरून आणि सिमेंटच्या गच्च्यांवरून उठणारी गरम हवा प्रतिमा थरथरवते, आणि त्या थरथरीवर कोणत्याही किमतीच्या लेन्सकडे उपाय नसतो. माझ्या अनुभवात पर्वतीवरून सर्वांत स्वच्छ चित्रे मिळतात ती पावसाने दोन दिवस झोडपून नुकतीच उघडीप दिलेल्या सकाळी, म्हणजे भाद्रपदात आणि आश्विनाच्या सुरुवातीला. त्या वेळी कौले धुतलेली असतात, त्यांचा मूळ तांबडा रंग वर आलेला असतो, आणि कुठे कुठे शेवाळ्याची हिरवट झाक त्याला उठाव देते. ओल्या कौलांवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने बरीच कमी होते. पत्र्यावरची होत नाही.

आता उजेडाविषयी. पर्वतीवरून जुन्या पेठांकडे पाहताना आपले तोंड उत्तरेकडे, किंचित ईशान्येला असते. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणून सकाळी साडेआठच्या सुमारास ऊन उजव्या हाताने, जवळजवळ काटकोनात येते, प्रत्येक छपराची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत राहते आणि छपरांना उंचसखलपणा मिळतो. त्याच दिवशी संध्याकाळी ऊन आपल्या पाठीमागून, डावीकडून येते. त्याचा रंग सुंदर असला तरी सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि शहर पुठ्ठ्याचे कापून लावल्यासारखे सपाट दिसते. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवत असल्यामुळे सकाळचे ऊन बरेचसे समोरून डोळ्यांत येते. तेव्हा तपशील सोडून द्यावा आणि नुसत्या आकृत्या घ्याव्यात.

हे सांगताना जगातले सर्वांत जुने टिकून राहिलेले छायाचित्र आठवते, कारण तेही छपरांचेच आहे. फ्रान्समधल्या साँ-लू-द-व्हारेन या गावी निसेफोर नीएप्स यांनी १८२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरे डांबराचा लेप दिलेल्या पत्र्यावर टिपली. उजेड दाखवायला इतके तास लागले की मधल्या काळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. वेळ ठरवण्याची मुभा त्यांना नव्हती, आपल्याला आहे. ती वापरावी.

मात्र मोठी लेन्स विकत घेण्याआधी माझी एक विनंती आहे. पर्वतीचा नाद महिनाभर सोडा आणि पेठेतल्याच एखाद्या नातेवाइकाच्या तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्याच्या गच्चीवर आहे ती लेन्स घेऊन जा. फार उंचावरून छपरे नकाशासारखी पसरतात, एकीचा दुसरीशी संबंध तुटतो, शिखराच्या मागे आकाशाऐवजी आणखी छपरेच येतात आणि शिखर त्यांत बुडून जाते. तिसऱ्या मजल्यावरून मात्र आढ्यामागे आढे, त्यामागे एखादी गच्ची, तिच्यावर काळ्या टाक्या आणि सौरबंब, मागे पावसाची निळी ताडपत्री टाकलेले कोसळायला आलेले छप्पर, आणि या सगळ्यांच्या वर, आकाशाला भिडलेला कळस, अशी पायरीपायरीची रचना मिळते. छपरांच्या छायाचित्रात छपरांइतकेच महत्त्व त्यांच्यामधल्या अंतरांना असते, आणि ती अंतरे मधल्या उंचीवरूनच दिसतात. कठड्यावर वाळत घातलेले पापड चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आले तर ते काढायला लावू नका. चित्र किती उंचीवरून आणि कोणत्या ऋतूत काढले हे त्या पापडांइतके कोणीच सांगत नाही.

एक सावधगिरीची सूचनाही देतो. कौलांवर पाय ठेवू नये. मंगलोरी कौल मध्यभागी वजन घेत नाही, आणि जुन्या वाड्यांत त्याखालच्या रिपा कुजलेल्या असतात. हे मी तिघांना सांगितले होते, त्यांपैकी एकाने ऐकले नाही आणि तो पोटमाळ्यावर उतरला.

प्रश्न : कॅम्पातल्या लाल देवळाचा मनोरा मोबाईलवर घेतला की मागे कलल्यासारखा दिसतो. दुरुस्तीच्या ॲपमधून सरळ केला तर कळस कापला जातो. काय करावे?

उत्तर : ओहेल डेव्हिड सिनगॉग, म्हणजे आपले लाल देऊळ, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये पूर्ण झाले, आणि त्याचा घड्याळाचा मनोरा ९० फूट, म्हणजे सुमारे २७ मीटर उंच आहे. रस्त्यावरून तो चौकटीत बसवण्यासाठी आपण मोबाईल वर उचलतो आणि घोटाळा तिथेच होतो. कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर असेल तोवर उभ्या रेषा उभ्याच राहतात. ती कलली की रेषा वर एकमेकींकडे झुकतात.

यावरचा पहिला उपाय म्हणजे मोबाईल उभा, अगदी ओळंब्यात धरणे आणि मनोऱ्याचे टोक चौकटीत येईपर्यंत मागे चालत जाणे. मोबाईलच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याने हे अंतर सुमारे ३५ मीटर येते. चित्राचा खालचा निम्मा भाग रस्ता आणि वाहनांनी भरेल, तो नंतर कापून टाकावा. दुसरा उपाय अधिक चांगला आहे. समोरच्या एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून, म्हणजे मनोऱ्याच्या मध्याशी नजर जुळेल अशा उंचीवरून घेतले, तर जेमतेम १८ ते २० मीटर अंतरावरून पूर्ण मनोरा सरळ उभा मिळतो आणि विटांचा सांधान्‌सांधा दिसतो. मागे सांगितलेल्या मधल्या उंचीचा हा दुसरा फायदा झाला.

या दोन्हींपैकी काहीच शक्य नसेल तर मुद्दाम जास्त जागा सोडून चित्र घ्यावे, म्हणजे सरळ करताना कापायला कड शिल्लक राहते. कळसाच्या वर कळसाएवढेच आकाश ठेवावे, हा माझा ठोकताळा आहे. पूर्ण सरळ केलेला मनोरा कधी कधी वर रुंद होत गेल्यासारखा भासतो, कारण खालून पाहताना थोडे निमुळतेपण डोळ्याला अपेक्षित असते. म्हणून दुरुस्ती शंभर टक्के न करता थोडी अलीकडे थांबवावी. लाल देवळापाशी सुरक्षेचा बंदोबस्त असतो, तेव्हा कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी तिथल्या रखवालदाराला किंवा पोलिसाला विचारावे, आणि नको म्हटले तर वाद घालू नये.

प्रश्न : येत्या कोजागरीला पर्वतीवरून मंडईच्या मनोऱ्यामागे उगवणारा मोठा चंद्र टिपायचा आहे. कोणती लेन्स लागेल?

उत्तर : कोणतीही लेन्स घेतली तरी हे चित्र मिळणार नाही, कारण चंद्र तिथे उगवतच नाही. पर्वतीवरून मंडई उत्तर-ईशान्येला आहे, आणि पुण्याच्या अक्षांशावर चंद्र फार तर ईशान्य-पूर्वेपासून आग्नेय-पूर्वेपर्यंतच्या पट्ट्यात उगवतो. उत्तरेकडे इतका तो कधीच सरकत नाही. दोन वेगळी छायाचित्रे एकत्र करून असे चित्र बनवता येते आणि अनेकजण बनवतातही. पण ज्याला पर्वती माहीत आहे तो ते पाहताक्षणी ओळखतो.

चंद्र मनोऱ्यामागे हवा असेल तर आपण मनोऱ्याच्या पश्चिमेला उभे राहायला हवे. हनुमान टेकडीवरून मंडई साधारण पूर्वेला, थोडी दक्षिणेकडे झुकलेली येते, आणि अंतर तीन किलोमीटरच्या आसपास भरते. मधल्या काळात वाढलेल्या इमारती आड येतात का, हे दिवसा दुर्बीण घेऊन जाऊन पाहावे. अडचण अशी की कोजागरीचा चंद्र पूर्वेच्या उत्तरेकडे उगवतो, म्हणून त्या दिवशी इथूनही जमणार नाही. वैशाखी पौर्णिमेच्या किंवा नारळी पौर्णिमेच्या सुमारास चंद्र पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, तेव्हा रेषा जुळण्याची शक्यता आहे. चंद्राची नेमकी दिशा दरवर्षी थोडी बदलते, तेव्हा दिशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये आधी तपासून घ्यावे. नारळी पौर्णिमेला ढगांची हमी असते हे वेगळे सांगायला नको, म्हणून मी वैशाख सुचवेन.

चंद्राच्या मोठेपणाचा हिशोबही सोपा आहे. आकाशात चंद्र सुमारे अर्धा अंश रुंद असतो. दोन किलोमीटरवरच्या इमारतींमध्ये ही रुंदी साधारण १८ मीटर भरते आणि तीन किलोमीटरवर २७ मीटर. म्हणजे २५ मीटरच्या मनोऱ्याएवढा चंद्र दिसावा अशी इच्छा असेल तर पावणेतीन किलोमीटर दूर जायला हवे. जवळ गेल्यावर मनोरा वाढतो, चंद्र तेवढाच राहतो. लेन्सने दोन्ही एकाच प्रमाणात मोठे होतात, त्यामुळे चंद्र मोठा दिसण्याचे श्रेय लेन्सपेक्षा आपल्या पायांचे असते.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमेपेक्षा आदल्या दिवशी जावे. चतुर्दशीचा चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो, त्यामुळे संधिप्रकाशात छपरांचा तपशील आणि चंद्रावरचे डाग दोन्ही एकाच चित्रात मावतात. पौर्णिमेला चंद्र वर येईपर्यंत शहर काळे पडू लागते आणि चंद्र पांढऱ्या टिकलीसारखा येतो. आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटे टिकतो, तिवई तेव्हा उघडत बसू नये.

प्रश्न : माझ्या गच्चीवरून शेजारच्या वाड्याची छपरे काढत असताना शेजाऱ्यांनी हरकत घेतली. कायद्याने मला अधिकार आहे का? ड्रोन वापरला तर प्रश्न मिटेल का?

उत्तर : ड्रोनने प्रश्न मिटत नाही, वाढतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केलेले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही हे खरे असले, तरी पिवळ्या आणि लाल विभागांचे बंधन त्यालाही लागू आहे. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, शहराच्या पूर्वेला लष्कराची विस्तीर्ण वसाहत आहे, तेव्हा डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय पुण्यात ड्रोन पिशवीतून बाहेरही काढू नये.

इमारतीच्या बाबतीत आपण निश्चिंत असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वास्तूचे छायाचित्र काढणे आणि ते प्रसिद्ध करणे हे उल्लंघन मानलेले नाही. पण शेजाऱ्यांची हरकत बहुधा वास्तूबद्दल नसून तिथे राहणाऱ्या माणसांबद्दल असावी, आणि ती मला रास्त वाटते. गच्ची हा घराचाच भाग आहे. लोक तिथे केस वाळवतात, लेकराला न्हाऊ घालतात, उन्हाळ्यात झोपतात. स्त्रीचे खासगी क्षण तिच्या नकळत टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे, आणि मोठ्या लेन्समागे उभ्या असलेल्या माणसाचा हेतू समोरच्याला दुरून कळत नाही. मी स्वतः ज्या गच्चीवर काम करतो तिच्या आसपासच्या घरांत आदल्या दिवशी जाऊन सांगून येतो, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चौकट कुठवर येते तेही दाखवतो. बहुतेक वेळा नंतर एक प्रिंट मागितला जातो, तो न विसरता द्यावा.

प्रश्न : दादरला राहतो. मुंबईत राजाबाई टॉवर कोणत्या वेळी घ्यावा?

उत्तर : दुपारी चारनंतर, ओव्हल मैदानाच्या बाजूने. टॉवरचे तोंड पश्चिमेला आहे आणि त्याचा कुर्ल्याचा पिवळसर दगड उतरत्या उन्हात उजळतो. सकाळी हीच बाजू सावलीत असते, तेव्हा टॉवरकडे पाठ करून मैदानाच्या पलीकडच्या आर्ट डेको इमारतींची छायाचित्रे घ्यावीत, कारण त्या पूर्वाभिमुख आहेत. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला तो हा समोरासमोरचा दोन काळांचा समूहच. टॉवर ८५ मीटर उंच आहे, तेव्हा लाल देवळाबद्दल सांगितलेला मागे सरकण्याचा हिशोब इथे तिपटीने करावा लागेल, आणि मैदान आहे म्हणून ते शक्यही आहे. आराखडा देणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. आपल्याला लोकलने जाता येते, म्हणजे आपली बाजू भक्कम आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माडीच्या खिडकीतून काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र घरात आहे. पुढे कौलांचा उतार, मध्ये ओंकारेश्वराचे शिखर आणि मागे टेकडीची रेघ आहे. मागे तारीख नाही. वाडा आता नाही, त्या जागी पाच मजली इमारत आहे. तेच दृश्य पुन्हा टिपायचे आहे. जागा कशी शोधावी, आणि मूळ चित्र कधीचे हे कळेल का?

उत्तर : आजच्या सगळ्या पत्रांत मला हे सर्वांत आवडले. जागा शोधता येते, आणि पुष्कळदा वीतभराच्या चुकीपर्यंत शोधता येते. त्यासाठी लेन्स कोणती होती हे कळण्याची गरज नाही. दृश्यातल्या वस्तू एकमेकींच्या मागेपुढे कशा येतात हे फक्त उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते, लेन्स केवळ चौकट लहानमोठी करते.

मूळ छायाचित्राची मोठी प्रत काढा आणि तिच्यावर जवळची वस्तू व दूरची वस्तू जिथे एकमेकींना छेदतात अशा जागांवर बारीक खुणा करा, म्हणजे शिखराची उजवी कड टेकडीच्या कोणत्या खाचेला टेकते, आमलकाची, म्हणजे कळसाखालच्या चपट्या गोल दगडाची, पातळी टेकडीच्या कडेच्या वर आहे की खाली, अशा. शिखर ८० मीटरवर आणि टेकडी तीन किलोमीटरवर आहे असे धरले, तर आपण खिडकीत एक पाऊल बाजूला सरकलो की शिखर टेकडीच्या रेघेवर पूर्ण चंद्राच्या रुंदीइतके सरकते. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. आधी डावे-उजवे जुळवा, मग खालीवर जुळवा, आणि पुढेमागे शेवटी जुळवा, कारण तेच सर्वांत अवघड असते आणि त्यासाठी शिखराच्या रुंदीचे कळसाच्या उंचीशी नव्हे, तर शिखराच्या रुंदीचे टेकडीवरच्या दोन खुणांमधल्या अंतराशी असलेले प्रमाण मोजावे लागते. टेकडीवर आता झाडी वाढली आहे, तेव्हा झाडांची नव्हे, दगडी कडेची रेघ धरावी.

काळ ठरवायला चित्रातच तीन साक्षीदार असण्याचा संभव आहे. पहिला नदी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांमधले असंख्य वाडे वाहून गेले किंवा खचले. ओंकारेश्वराभोवतीची घरे चित्रात सलग उभी असतील तर ते पुराच्या आधीचे असण्याची दाट शक्यता आहे, आणि मध्येच मोकळी जागा, अर्धी भिंत किंवा नवे पत्रे दिसत असतील तर नंतरचे. दुसरा साक्षीदार कौले. नळीची कौले अर्धगोल असतात आणि त्यांची सावली बारीक लाटांसारखी दिसते. मंगलोरी कौल चपटे, एकमेकांत अडकणारे असते आणि त्याची सावली आडव्या ओळींत पडते. मंगलोरात बासेल मिशनने त्याचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि पुढे ते सर्वत्र पसरले, त्यामुळे त्यावरून दशक कळणार नाही. पण त्याच आळीचे दुसरे एखादे तारीख असलेले छायाचित्र मिळाले तर कोणत्या छपरावर नळीची कौले जाऊन मंगलोरी आली, ही तुलना फार उपयोगी पडते.

तिसरा साक्षीदार सावली. ती वर्ष सांगत नाही, ऋतू आणि वेळ सांगते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेला पडते. शिखराच्या कोणत्या अंगाला सावली आहे ते पाहा, मग वाड्याचे तोंड कुठे होते ते आठवा. वळचणीला पागोळ्यांनी जमिनीत पाडलेली भोकांची रांग दिसत असेल तर तेवढ्यावरून पावसाळा ठरवू नका, ती वर्षभर टिकते.

आता उंची. वाड्याची माडी जमिनीपासून फार तर पाच-सहा मीटर असेल, म्हणजे नव्या इमारतीत तुमच्या वडिलांची जागा पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात आहे. गच्चीवर जाऊ नका, तिथून शिखर खाली जाईल आणि टेकडीची रेघ वर येईल. मी अशाच एका जुन्या छायाचित्राची जागा शोधत गेलो तेव्हा ती एका अनोळखी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, ओटा आणि फ्रिज यांच्या मधल्या हातभर जागेत निघाली. घरातल्या आजींनी छायाचित्र चष्म्याच्या वर धरून पाहिले, खिडकीतून पाहिले, आणि ओट्यावरचा कणकेचा डबा स्वतःच बाजूला केला. खिडकीला जाळी होती. लेन्सचे तोंड जाळीच्या गजांना टेकवून, मधल्या चौकोनातून, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) मोठे ठेवून चित्र घेतले की गज विरघळून जातात, ही युक्ती तिथे कामी आली. कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि काच धुरकटली, म्हणून भात होईपर्यंत थांबावे लागले. तुम्ही जेवणाच्या वेळी जाऊ नका.

चित्र मिळाल्यावर मूळ चित्राच्या चौकटीइतके कापा, रंगीतच ठेवा, आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, मजला आणि खिडकीची दिशा पेन्सिलीने लिहा, म्हणजे तुमच्या मुलांना सावल्या मोजत बसावे लागणार नाही. शिखराची कड आणि टेकडीची खाच जुळली, तर दोन्ही प्रती आमच्याकडे पाठवा. त्या शेजारी शेजारी छापण्यासाठी पुढच्या अंकात पान राखून ठेवतो.